इंचांच्या नादात हरवलेला कॉइलओव्हर

ऑफ-रोड गाडीला बाहेरून घेतलेले कॉइलओव्हर, म्हणजे नळीभोवती स्प्रिंग असलेले शॉकअप, बसवायचे ठरले की बोलणे आधी उंचीवर येते. दोन इंच उचलायची की तीन, टायर केवढे बसतील, यावरच सौदा ठरतो. चाकाला वर-खाली किती वाव मिळेल आणि ती हालचाल ताब्यात कशी राहील, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच. या तंत्राचा सुमारे साठ वर्षांचा प्रवास पाहिला तर हा क्रम उलटा असल्याचे दिसते. कॉइलओव्हर घडला तो चाक जमिनीला धरून राहावे आणि धक्का शॉकअपमध्येच जिरावा यासाठी. गाडी उंच होते ती त्याच्यासोबत, आणि कित्येकदा त्याच्या मूळ कामाची किंमत देऊन.

सुरुवात पाट्यांपासून, म्हणजे लीफ स्प्रिंगपासून करायला हवी. विलीज जीप, 1948 ची लँड रोव्हर, महिंद्राच्या जुन्या जीप, 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी, या सगळ्या पाट्यांवर धावल्या. पाटा वजन पेलतो आणि एक्सलही जागेवर धरतो. तुटला तर तालुक्याच्या गावातही त्याचे पान बदलून मिळते. पण पानावर पान घासते, त्यामुळे लहान धक्क्याला पाटा दाद देत नाही. मऊ करावा तर एक्सलच जागचा सरकू लागतो. 1967 साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी पहिली वाळवंटी शर्यत झाली, तीच पुढे बाहा 1000 म्हणून गाजली. ती 27 तास 38 मिनिटांत जिंकली फायबरग्लासच्या मेयर्स मॅन्क्स या छोट्या बगीने. ती काही उंच, दणकट ट्रक नव्हती. वजनाने हलकी होती आणि तिचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलत होते. तीन वर्षांनी आलेल्या रेंज रोव्हरने सलग एक्सल ठेवूनही चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग दिल्या आणि चाकांना लांब हालचाल दिली. खुद्द लँड रोव्हरच्या कामकरी गाडीत कॉइल यायला मात्र 1983 उजाडले.

वाळवंटात वेगाने जाताना शॉकअप तापतो. आतले तेल पातळ होते, त्याला फेस येतो आणि गाडी नुसती उसळत राहते. शर्यतीच्या कारागिरांची झुंज होती ती या उष्णतेशी. त्यातून जाड नळ्यांचे, जास्त तेलाचे शॉकअप आले. वेगळी टाकी आली, तिच्यात सरकत्या पिस्टनमागे नायट्रोजन भरून तेल दाबाखाली ठेवले जाऊ लागले. स्प्रिंग त्याच नळीभोवती बसवल्याने जागा वाचली आणि वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलणे सोपे झाले. 1990 च्या दशकात टोयोटाच्या फोररनर आणि टाकोमा यांच्या पुढच्या चाकांना कारखान्यातूनच अशी जोडणी आली, तेव्हा न कापता, न वेल्डिंग करता बसणाऱ्या संचांना मोठी बाजारपेठ मिळाली. उंचीचा मोह वाढला तोही याच टप्प्यावर, असे मला वाटते, कारण स्प्रिंगवरची आट्यांची रिंग फिरवली की गाडी डोळ्यांदेखत वर येते.

त्या रिंगचे काम नीट समजून घ्यायला हवे. रिंग खाली घेतली म्हणून साधी स्प्रिंग कडक होत नाही. उभ्या गाडीचे वजन तेच, म्हणून स्प्रिंग दबतेही तेवढीच. फक्त गाडी वर जाते. शॉकअपची लांबी मात्र ठरलेली आहे, त्यामुळे चाक खाली उतरण्याचा वाव तेवढाच कमी होतो. खड्ड्यावरून जाताना चाक लवकर लटकते, शॉकअप टोकाला आदळतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग चाकाच्या बरीच आत असते, म्हणून रिंगवरचा एक इंच चाकापाशी त्याहून बराच जास्त होतो. मग सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, वरचा बॉल जॉइंट अडतो, कॅस्टर कमी होऊन स्टिअरिंग सरळ राहीनासे होते. मागे सलग एक्सल आणि पॅनहार्ड रॉड असेल तर एक्सल एका बाजूला सरकतो. यातली एकही गोष्ट उंची मोजणाऱ्या टेपवर दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की खडकाळ वाटेवर पोटाखाली जागा लागतेच. लागते, हे खरेच. पण एक्सल सलग असेल तर त्याच्या गोळ्याखालची (डिफरन्शियलखालची) जागा सस्पेन्शन उचलून वाढत नाही. ती मोठ्या टायरने वाढते. उचलल्याने सुटते ते गाडीचे पोट आणि टोकांचे कोन. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कारखान्याच्या अभियंत्यांनी विचार करून बसवलेले का काढावे? रोजच्या वापराच्या गाडीसाठी तो मला पूर्ण मान्य आहे. महिंद्राची 2010 ची थार पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे घेऊन आली. 2020 च्या थारला पुढे कॉइलओव्हर, मागे मल्टिलिंकसह कॉइल आणि 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच मिळाला. बदलाचे कारण उरते ते लोखंडी बंपर, विंच, जादा सामान अशा कायमच्या वजनाचे, किंवा स्पर्धेचे. 2014 पासून गोव्यात पावसाळ्यात भरलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या चिखलात चाक जमिनीला टेकलेले राहणे हाच कस असतो. तिसरा प्रश्न मजबुतीचा. ज्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, तिच्या शॉकअपच्या कानावर कॉइलओव्हर टांगला तर गाडीचा भार त्या कानावर येतो, आणि तो त्यासाठी बनवलेलाच नसतो. तिथे चासीला बळकटी दिल्याशिवाय हे काम करूच नये.

कायद्याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कारखान्याच्या मूळ नोंदीपासून दूर नेणाऱ्या बदलांना आडकाठी करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. तेव्हा आरटीओत चौकशी केल्याशिवाय गाडी लिफ्टवर चढवू नका. काम करायचेच असेल तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच घट्ट करायला सांगा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आणि पैसे देण्याआधी चाक किती खाली उतरते ते मोजून दाखवायला लावा, अलाइनमेंटचा छापील कागद हातात घ्या.