केडगावचे मुक्ती: दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे गाव

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी उरुळी, यवत, खुटबाव मागे टाकून केडगावला थांबते. रुळांच्या दोन्ही अंगांना ऊस आणि अधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. इथे उतरणारा परगावचा माणूस बहुधा बेट केडगावला, नारायण महाराजांच्या दत्तमंदिराला निघालेला असतो. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच केडगावात आहे, हे मात्र पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही बरेचदा सांगावे लागते. नगरच्या वेशीवरचे केडगाव ते हे नव्हे, हेही सांगावे लागते.

सव्वाशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख कोरडवाहू होता. पर्जन्यछायेतली हलकी जमीन, भरवसा काय तो विहिरीचा. रमाबाईंनी इथे सुमारे १०० एकर जमीन घेतली, तेव्हा त्यांच्या मनात अनाथाश्रम नव्हता. त्यांनी विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या पुण्यातल्या शारदा सदनाला अमेरिकेतून मदत येत होती. बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने ती दहा वर्षांपुरती कबूल केली होती. मुदत संपल्यावर काय, या विचाराने त्यांनी फळबाग लावायचे ठरवले. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, एवढाच हिशेब होता. तो हिशेब दुष्काळाने बदलून टाकला.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. १८५८ साली जन्मलेली ही मुलगी आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई दोघेही गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली ही बहीण आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. कलकत्त्याने १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. ती विद्वत्ता सगळ्यांना आठवते. ती उपासमारीतून चालत आली होती, हे विसरले जाते. म्हणूनच १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांत आणि रस्त्यांवर त्यांनी जे पाहिले, त्यात उपासमारीइतकीच दुसरी एक गोष्ट होती: बेवारस मुलींवर टपलेली माणसे. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणि तरुण विधवा बरोबर आणल्या.

पण पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवणे शक्यच नव्हते. मग केडगावच्या मोकळ्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. त्याच १८९७ सालात पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या व्यवस्थेविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये परखड पत्र लिहिले आणि त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उमटले. परदेशी मिशनऱ्यांच्या मदतीवर संस्था चालवणारी बाई गव्हर्नरच्या कारभारावर उघड लिहिते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मुक्तीविषयी बोलताना ती आधी सांगायला हवी, असे मला वाटते.

‘मुक्ती सदन’ १८९८ पर्यंत आकाराला आले. १९०० चा दुष्काळ गुजरातेत आणि आसपास आधीच्या दुष्काळाहून भीषण होता. त्या वर्षी मुक्तीतल्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवायला घालायचे, तेही पाऊस नसलेल्या वर्षात आणि रेल्वेखेरीज दुसरी सोय नसलेल्या माळावर. त्या काळी हा आकडा एखाद्या गावाच्या लोकसंख्येइतका होता. गावाला जे लागते ते सगळे इथे असावे लागले: विहिरी, धान्याची कोठारे, गाईम्हशी, तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, भाजीचे मळे, शाळा, दवाखाना, मोठे चर्च आणि पुढे छापखाना. ही कामे बहुतांशी मुलीच शिकल्या आणि मुलींनीच चालवली. पुढे शारदा सदनही पुण्याहून इथेच आले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध, अशक्त बायांसाठी प्रीती सदन अशी वेगळी घरे झाली. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि तिने अंध मुलींना शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे अंध मुलींनी वाचावे ही कल्पनाच नवी होती, त्या काळात केडगावच्या माळावर ब्रेलवर बोटे फिरत होती.

मुक्तीचे सगळ्यांत मोठे काम माझ्या मते छापखान्यातले. मराठीत बायबलचे भाषांतर आधीपासून होते, पण ते खेड्यातल्या बाईला समजणारे नाही, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृत त्यांची घरची. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. अर्धे आयुष्य प्रवासात आणि उरलेले संस्था चालवण्यात गेलेल्या बाईने एवढे एकटीने केले, हा भाग प्रसिद्ध आहे. दुसरा भाग तितका प्रसिद्ध नाही. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, फर्मे छापणे, दुमडणे, बांधणे ही सगळी कामे दुष्काळातून आलेल्या मुलींनी केली. त्यांतल्या अनेकींनी अक्षर पाहिले तेच केडगावला. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ग्रंथ पूर्ण छापून झाला १९२४ मध्ये. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे. एकट्या स्त्रियांनी चालवलेला आणि एवढा मोठा ग्रंथ तडीस नेणारा दुसरा छापखाना त्या काळच्या महाराष्ट्रात दाखवणे अवघड आहे.

मग मराठी समाजाने हे ठिकाण मनाआड का केले? कारण उघड आहे आणि ते टाळून लिहिण्यात अर्थ नाही. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले तेव्हा ते धर्मनिरपेक्ष राहील असे आश्वासन होते आणि रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी माणसे पाठीशी होती. सदन पुण्याला आल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावला तर आडपडदा राहिलाच नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथल्या मुली ख्रिस्ती झाल्या. १९०५ मध्ये तिथे झालेल्या प्रार्थनेच्या लाटेचा उल्लेख जगभरच्या पेंटेकोस्टल पंथाच्या इतिहासात आजही येतो. पुण्यामुंबईच्या सुधारकांना हे पेलले नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. दुष्काळात अनाथ झालेली मुले हा त्या काळच्या सरकारने पुरता न उचललेला भार होता. छावण्या बंद झाल्या की मुले ज्या संस्था घेतील त्यांच्याकडे जात, आणि घेणाऱ्यांत मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. हे पाहूनच लाला लजपतराय यांनी १८९७ पासून पंजाबात हिंदू अनाथांसाठी मोहीम उभारली. महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, आणि रमाबाईंच्या बाजूने ‘सत्सार’मध्ये लिहिणारेही जोतीरावच. पंढरपूरला प्रार्थना समाजाचा बालकाश्रम होता. पण १९०० मध्ये दोन हजार मुलींना एका जागी छप्पर देणारी दुसरी जागा या भागात नव्हती. त्या मुलींनी धर्म निवडला की परिस्थितीने त्यांच्या वाट्याला आला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारताना त्या जगल्या, शिकल्या, काम करून खाऊ लागल्या, हे मात्र पुसून टाकता येणार नाही. शारदा सदनाच्या पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. तेव्हा कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या इतिहासातही शारदा सदनाचा धागा आहे.

मुक्तीचा इतिहास आज आपल्यापर्यंत आला आहे तो मुख्यतः परदेशी कागदांतून. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंशी झालेला पत्रव्यवहार जपला. तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. बॉस्टनच्या असोसिएशनचे वार्षिक अहवाल आहेत. केडगावहून निघणारे ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्रक आहे. देवदत्त नारायण टिळकांचे मराठी चरित्र आहे, उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांचे संशोधन आहे. १९८९ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले. या सगळ्यांत रमाबाई ठळक दिसतात. मुली मात्र आकड्यांत दिसतात, नाहीतर देणगीदारांना पाठवलेल्या वर्णनांत: आली तेव्हा हाडांचा सापळा, आता गुबगुबीत आणि प्रार्थनेत रमलेली. त्या काळच्या मिशनरी नियतकालिकांत दुष्काळातल्या मुलांची छायाचित्रे सर्रास छापली जात. ती मुलांना विचारून काढलेली नव्हती. ती आज पुन्हा छापताना आपणही क्षणभर थांबायला हवे.

केडगावची जागा जपायची तर नेमके काय जपायचे, याचे उत्तर माझ्या लेखी इथेच आहे. रमाबाईंची समाधी आहे, त्यांचे नाव आहे, ते कुणी पुसणार नाही. जपायला हवे आहे ते मुलींच्या हातचे काम: विहिरींची बांधकामे, जुन्या इमारतींच्या भिंती, छापखान्यातून निघालेला प्रत्येक कागद. मुक्तीत छापलेले बायबल जुन्या ख्रिस्ती घरांत अजून सापडू शकते. एखादी प्रत रद्दीत जाण्याआधी ग्रंथालयात पोचली पाहिजे. परदेशी अहवालांचे मराठी भाषांतर एखाद्या विद्यापीठाने हाती घ्यावे. दौंड तालुक्यातल्या शाळांच्या सहली रायगडला जातात, जरूर जाव्यात. त्यांच्या सातवी-आठवीच्या मुलांना आपल्याच तालुक्यात काय घडले तेही कळावे.

मात्र एक मर्यादा पाळायची आहे. मुक्ती मिशन आजही चालू आहे. तिथे मुली आणि स्त्रिया राहतात. किल्ल्यावर भटकावे तसे इथे भटकता येत नाही. आधी परवानगी मागावी, सांगितलेल्या जागीच जावे, राहणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. जुन्या नोंदवह्यांनाही हाच नियम लावावा लागेल. अशा संस्थांच्या नोंदींत मूल कुठून आले, कुणी सोडले, कोणत्या अवस्थेत होते, असे लिहिलेले असते. १९०० च्या दुष्काळातल्या नोंदी अभ्यासकांना खुल्या करणे वेगळे आणि ज्यांची मुले-नातवंडे आज हयात आहेत त्यांच्या नोंदी चव्हाट्यावर मांडणे वेगळे. आपली आजी मुक्तीतली होती, एवढेच ठाऊक असलेल्या माणसाला तिच्याविषयीचा कागद पाहण्याचा पहिला हक्क मिळावा. संशोधकाची पाळी त्यानंतरची.

यातले कागदाचे काम थोडे थांबू शकते. माणसांचे नाही. १९०० मध्ये आठ वर्षांची असलेली मुलगी १९६२ मध्ये सत्तर वर्षांची होती. त्या सुमारास मुक्तीत वाढलेल्या मुली आज सत्तरीत आहेत. कुणी तिथेच असेल, कुणी पुण्यात, कुणी दूरवर सासरी. दुष्काळातून आलेल्या म्हाताऱ्या त्यांनी स्वतः पाहिल्या असतील. त्यांना विचारायला हवे: त्या आज्या एकमेकींशी कोणत्या बोलीत बोलत, मध्य प्रांतातल्या की गुजरातेतल्या, की सगळ्याच केडगावच्या मराठीत? गावाचे नाव कुणाला आठवत होते? खिळे जुळवायला कोण शिकवी? कुणी कधी आपल्या मुलखात परत जाऊन पाहिले का? हे विचारायला पुण्याहून जाऊन एका दिवसात परत येता येते, आणि बोलणाऱ्यांची तयारी असेल तर साध्या मोबाइलवरही ते नीट टिपता येते.