पानांआधीची फुलं

कॅनडात ओंटारिओ प्रांतातलं अल्गॉन्क्विन हे १८९३ पासून राखलेलं अरण्य. मे महिन्यात आम्ही तिथं वल्ह्याच्या अरुंद होडीतून, कॅनूतून, हिंडलो. रात्री तळ्याकाठी तंबू. बर्फ वितळताच परतलेले लून पक्षी दिसले. बरीचशी हाडं भरीव, म्हणून उडण्यापूर्वी त्यांना पाण्यावर लांब धावावं लागतं.

आपला वसंत म्हणजे पालवी. तिथं मेपलची पानं दाटण्याआधीच जमिनीवरची फुलं घाईनं उमलतात. नंतर ऊन कुठलं? लाल ट्रिलियमला तीन पाकळ्या, तीन पानं. वास सडक्या मांसाचा (कवितेत कसा बसवावा?), पण माश्या त्यावरच येतात. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला अनेक वर्षं लागतात. खुडताना पानं गेली, तर कंद उपाशी. वाटाड्यानं म्हणूनच बजावलं होतं, नुसतं बघा. बी पसरवायला मुंग्या आहेत.