हरवलेला राम

आमच्या बडोद्याच्या घरी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा आहेत. दहा अवतार, प्रत्येकाची बारा गोल पाने. दिवसा डाव रामाचा राजा उघडतो, रात्री कृष्णाचा. आमचा राम हरवल्यापासून खेळ रात्रीचाच! अखेर गोव्याच्या सीमेलगतचे ते रम्य गाव गाठले. मोती तलाव, समोर राजवाडा, आत रंगकाम करणारे चितारी. सयाजीराव महाराजांची नात पार्वतीदेवी या वाड्याची राणी झाली, हे आपल्याकडे किती जणांस आठवते? त्यांचे पुत्र शिवरामराजे व सून सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकून ही मरू घातलेली कला जगविली. मी नमुन्यास कृष्णाचे पान पुढे केले.

"नवा रंग जुन्यांत उठून दिसेल," चितारी म्हणाले.

"दिसू द्या. दुपारचा डाव तरी मांडता येईल."