डोक्याला पट्टा लावला म्हणून गोळी सुटत नाही! स्किझोफ्रेनियावरच्या नव्या उपचाराबद्दल जाणून घ्या

पोफळी (ता. चिपळूण) : कोणी बोलत नसताना कानात आवाज येणं, घरचेच जेवणात काहीतरी कालवतात असा संशय येणं, ही स्किझोफ्रेनियाची लक्षणं. गोळ्यांनी ती आटोक्यात येतात. मग महिना-दोन महिन्यांत गोळ्या बंद! कुणाला झोप येते, कुणाचं वजन वाढतं, हात थरथरतात. पण मोठं कारण वेगळंच. "मला काही झालंच नाही, गोळी कशाला?" हा हट्ट नव्हे. आपण आजारी आहोत हे न कळणं हा या आजाराचाच भाग आहे. त्यामुळे रागावून उपयोग होत नाही.

इथेच मेंदूला बाहेरून सौम्य वीज देण्याचा उपचार चर्चेत आला आहे. ओल्या स्पंजचे दोन पॅड पट्ट्याने डोक्यावर बसवतात आणि साधारण २० मिनिटं २ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह सोडतात. डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर असलेल्या पोफळीकरांना हा आकडा किती किरकोळ आहे ते सांगायला नको. माणूस जागा असतो, थोडी खाज-चुणचुण होते. हा 'शॉक' नव्हे. (शॉकसुद्धा भूल दिल्याशिवाय देण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.)

बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी गोळ्या चालू असूनही आवाज न थांबलेल्या रुग्णांवर हा उपचार केला. आवाज कमी झालेच, शिवाय आजाराची जाणीवही सुधारल्याचं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. गट लहान होता. जाणीव आली तर माणूस गोळी घेईल, ही आशा रास्त आहे. पण यंत्रामुळे गोळ्या नियमित होतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. आणि निमहान्समध्येही गोळ्या चालूच होत्या, हे विसरू नका. ऑनलाइन मिळणारी यंत्रं घरी लावणं तर धोक्याचंच.

गोळी चुकतच असेल तर डॉक्टरांना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. रोजची कटकट वाचते. त्रास होत असेल तर तेही सांगा, औषध बदलता येतं. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण गोळी थांबवू नका.

जिल्ह्यात रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. रुग्ण बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी केला तरी चालतो.