भुते का लुकलुकत होती?

१९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी २६०० या खेळयंत्राची स्मृती अवघी १२८ बाइट होती. अख्खे चित्र साठवायला जागाच नाही. टीव्हीवर एकेक रेघ उमटत असतानाच प्रोग्रॅमरला ती रचावी लागे. १९८२च्या ‘पॅक-मॅन’मध्ये चारही भुते एकदम दाखवणे जमेना, म्हणून ती आळीपाळीने दाखवली. प्रत्येक भूत सेकंदाला सुमारे १५ वेळा लुकलुके आणि डोळ्यांना ते जाणवे.

एवढीशी लुकलुक बहुतेकांना नुसती खुपते. मात्र प्रकाशामुळे फिट येण्याची प्रवृत्ती असलेल्यांना पडद्यावरच्या मोठ्या, प्रखर लुकलुकीने झटका येऊ शकतो. अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय गाठा.