मन आणि कायदा (भाग ६) : गुन्हा पुसला, पुढे काय?

गेल्या भागात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातला उपचाराचा हक्क पाहिला. आज त्यातलंच कलम ११५.

रस्त्यावरच्या अपघातानंतर मनाचा आजार जडलेला मुंबई पोलिसांतला एक शिपाई. बायकोला भाजीचं दुकान टाकायला परवानगी मिळेना, म्हणून त्याने महापालिकेच्या कार्यालयाबाहेरच जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचला, आणि दंडविधानाच्या कलम ३०९ खाली आरोपी झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणालं. पण १९९६ मध्ये घटनापीठाने कलम पुन्हा जिवंत केलं. कलम ११५ ने त्याची नांगी मोडली : असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर त्याच्यावर खटला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ उरलंच नाही. मात्र सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न आजही गुन्हा आहे. तो शिपाई आज असता, तर कदाचित त्यात अडकला असता!

कलम ११५ चं दुसरं पोटकलम फारसं कुणी वाचत नाही. अशा माणसाला सेवा, उपचार आणि पुनर्वसन देणं, पुन्हा तसा प्रयत्न होण्याचा धोका कमी करणं, हे सरकारचं कर्तव्य आहे. कर्तव्य, मेहेरबानी नव्हे.

ते पाळायला फार पैसा लागतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी अशा १,८६७ जणांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं झालं आणि दीड वर्षात नऊदा फोन करून किंवा घरी जाऊन चौकशी केली गेली. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण २.२ टक्के राहिलं, दुसऱ्यात ०.२. हे २००८ सालीच प्रसिद्ध झालंय.

आता हे गोराईला लावून पाहा. गाव मुंबईतलंच, पण बोरिवलीच्या आणि त्याच्या मध्ये खाडी. बोटीने जा, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा घ्या. घरी सोडताना कागदावर ‘पंधरा दिवसांनी मानसोपचार ओपीडी’ लिहिलं, की रोजंदारीवरचा माणूस एका खाड्याचा हिशेब करतो; वर जेट्टीवर ओळखीचं कुणीतरी हटकून विचारणार, ‘काय गं, कुठे निघालीस?’ मग तो कागद डब्यातच राहतो. शिवाय घरची माणसं पोलिसांच्या धास्तीने इस्पितळात ‘अपघात झाला’ सांगतात, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नाव पोचतच नाही. गुन्हा पुसला गेलाय, हे तिथे सांगतंय कोण?

फोनला मात्र खाडी आड येत नाही. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं ठरलंय, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी जीव दिला, देशात सर्वाधिक. माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी : डिस्चार्ज देतानाच संमतीने नंबर घ्यायचा आणि पहिला फोन आठवड्याच्या आत इस्पितळानेच करायचा.

तोवर, स्वतःला किंवा घरातल्या कुणाला गरज वाटली तर १४४१६ लावा. सरकारची ही टेली-मानस सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.