शकुंतलेपासून कळंबच्या गाडीपर्यंत

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो 29 फेब्रुवारी 2020 पासून. यवतमाळसारख्या गावात या निर्णयाचं अप्रूप मोठं होतं. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, पाटबंधारे, बांधकाम, वन विभाग अशा कचेऱ्यांच्या पगारावर चालणारी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. तोवर महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार तेवढा मोकळा असे. आता दर आठवड्याला सलग दोन दिवस मिळणार म्हणून कोणी माहूरचा बेत आखला, कोणी टिपेश्वरचा, कोणी नुसताच बेंबळा धरणावर सूर्यास्त बघायचा. मार्चच्या चौथ्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि सगळे बेत घरातच राहिले. निर्बंध सैल झाल्यावर गाव जे बाहेर पडलं, ते अजून थांबलेलं नाही. रविवारी सकाळी आर्णी रोडनं आणि धामणगाव रोडनं निघालेल्या गाड्या पाहिल्या की हा बदल डोळ्यांत भरतो.

बाहेर पडायची हौस मात्र जुनीच. पूर्वी तिला पंचांग लागायचं. कार्तिकात आवळीभोजन असायचं; गल्लीतल्या बायका डबे घेऊन कोणाच्या तरी मळ्यात जायच्या, आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत जेवायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी पुरुषमंडळींची शेतात पार्टी ठरलेली. थंडीत हुरडा. ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन वाढलं, तसा हुरडाही दुर्मिळ झाला. आमच्याकडच्या सहलीची खरी खूण म्हणजे रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, शेवटच्या पारीत त्या बंद करायच्या आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून द्यायच्या. पळसाच्या पानांत थापून भाजले तर ते पानगे. राख झटकून, फोडून, तुपात बुडवून, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. भाजायला तास-दीड तास लागतो आणि तेवढा वेळ करण्यासारखं दुसरं काही नसतं. लोक झाडाखाली बसून बोलतात. आज महामार्गावरच्या धाब्यावर अर्ध्या तासात जेवण समोर येतं, पण त्यात हा मोकळा वेळ नाही. माझ्या मते सहलीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

गेल्या तीस वर्षांत आमचं फिरणं ठरवलं ते दोन गोष्टींनी: हातातली सुट्टी आणि दाराशी येणारं वाहन. जंगल, नद्या, गड होतेच. तिथवर जायचं कसं, हा प्रश्न होता.

वाहनाचा विचार निघाला की यवतमाळकराला आधी शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी आगगाडी, आठवते. 15 एप्रिल 1994 रोजी तिचं वाफेचं इंजिन निवृत्त झालं. 1921 साली मँचेस्टरमध्ये घडवलेलं ते इंजिन 1923 पासून सत्तर वर्षं इथं राबलं होतं. त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. अडीच फुटी रुळांचा हा 113 किलोमीटरचा मार्ग वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी घातला गेला. त्याची मालकी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेली होती आणि स्वातंत्र्यानंतरही भारतीय रेल्वे मार्गाच्या वापराचा मोबदला देत राहिली. गाडी चालवणारी माणसं मोजकी होती. तिकीट, सिग्नल, रुळ बदलणं, सगळी कामं तीच हातानं करत.

घाईच्या माणसानं एसटी धरावी आणि निवांत माणसानं शकुंतला, असा आमच्याकडचा हिशेब. मुलांना घेऊन शकुंतलेनं दारव्ह्यापर्यंत जायचं आणि येताना एसटीनं परतायचं, ही अनेक घरांची स्वस्तातली सहल होती. खिडकीतून पऱ्हाटीची शेतं, बोरीबाभळी आणि फाल्गुनात पेटलेले पळस डोळे भरून पाहता यायचे. गेल्या दशकात ही गाडी बंद पडली आणि तिच्यासोबत एक अख्खी सहलही गेली. शकुंतला जाण्यानं यवतमाळचं जेवढं नुकसान झालं, तेवढं इथलं एखादं प्रेक्षणीय स्थळ नाहीसं होऊनही झालं नसतं.

गावाजवळचं फिरणं पाण्याभोवती होतं आणि आहे. वाघाडी नदीवरचं निळोणा धरण आणि पलीकडचं चापडोह ही यवतमाळची पिण्याच्या पाण्याची ठिकाणं. श्रावण-भादव्यात निळोणा भरून वाहू लागलं की बातमी तासाभरात गावभर होते आणि संध्याकाळी सांडव्याकडे रांग लागते. भाजलेले भुट्टे, चहा, भिजलेली पोरं. त्या गर्दीत नुसता पावसाचा आनंद नसतो, वर्षभराच्या पाण्याची हमी मिळाल्याचाही असतो. 2018 चा उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नळाला पाणी यायला पंधरवडा उलटायचा, रात्री-बेरात्री टँकरमागे लोक धावायचे. त्या मे महिन्यातही लोक निळोण्यावर जात होते, पण भेगाळलेला तळ बघायला. बेंबळा नदीवर बाभुळगाव तालुक्यात झालेल्या मोठ्या धरणातून शहराला पाणी आणण्याची योजना तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होती. त्याच बेंबळ्याच्या काठावर हिवाळ्यात चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदकं उतरतात. सकाळी दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांची संख्या मागच्या दहा वर्षांत चांगलीच वाढली. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्या पाण्याखाली माणसांची घरं आणि शेतं गेली आहेत.

जंगलाची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरला 1997 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 148.63 चौरस किलोमीटर. सागाचं जंगल, चितळ, सांबर, अस्वल आणि वाघ. टिपाई देवीवरून नाव पडलेलं टिपेश्वर गावही त्या हद्दीत होतं, त्याचं पुढे पुनर्वसन झालं. सुरुवातीच्या काळात टिपेश्वरला जाणं म्हणजे ओळखीच्या वनरक्षकाला निरोप धाडणं आणि कोणाची तरी जीप मागणं. आता सुन्ना गेटवर ऑनलाइन आरक्षण असतं, जिप्सी असते, आजूबाजूच्या गावांतले तरुण गाइड म्हणून बसतात. ताडोब्याच्या गर्दीला कंटाळलेले लोक नागपूरहून येतात आणि हैदराबादचे पर्यटक राष्ट्रीय महामार्ग 44 वरून थेट पांढरकवड्यात उतरतात. इथल्या एका नर वाघाला 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणाचा आदिलाबाद भाग, नांदेड, हिंगोली असं करत पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जगभरच्या वर्तमानपत्रांत तेव्हा टिपेश्वर हे नाव छापून आलं.

पण त्याच्या आदल्याच वर्षी इथल्या वाघाची वेगळी बातमी होती. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली टी-1 वाघीण, जिला अवनी म्हणत, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात गोळी घालून मारली गेली. त्यावरचे वाद देशभर झाले. ती मारली जाईपर्यंत त्या पट्ट्यातल्या गावांनी काय सोसलं, हे मात्र शहरात बसून कळणं कठीण होतं. कापूस वेचायला बाया एकट्या जात नसत, पोरांची शाळा बुडायची, दिवस मावळायच्या आत गुरं घरी. ज्या वाघासाठी आपण पहाटे चारला उठून उत्साहानं निघतो, त्याच वाघामुळे कुणी तरी आपल्याच शेतात जायला घाबरतं. टिपेश्वरहून परतताना गेटबाहेरच्या गावात थांबून चहा प्यावा, चार गोष्टी ऐकाव्यात, असं मी प्रत्येकाला सांगतो. सफारीची फी भरली म्हणजे त्या गावांशी आपला हिशेब संपत नाही.

इथल्या जंगलात शिरण्याचा इतिहासही साधा नाही. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि तुरुंगात गेले. त्याच महिन्यात 21 तारखेला यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात सत्याग्रह झाला, त्यात डॉ. हेडगेवार होते. गवत कापण्याच्या हक्कासाठी माणसं तुरुंगात गेली तो हा जिल्हा. शाळांच्या सहली इतक्या ठिकाणी जातात. त्यातली एक तरी पुसदच्या या जागेकडे वळावी.

दूरच्या सहलींत पहिला मान माहूरचा. गड नांदेड जिल्ह्यात, पण धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच, आणि यवतमाळकरांनी ते कधी परकं मानलं नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुका, दत्तशिखर, अनसूया, लेणी, किल्ला. सगळं करायचं तर दिवस पुरत नाही. दक्षिणेला उमरखेड तालुक्यातल्या मुरलीकडून सहस्रकुंड. काळ्या खडकात पैनगंगा अनेक धारांनी फुटून कोसळते. पलीकडचा काठ मराठवाड्याचा. वर इसापूर धरण असल्यानं दरवाजे उघडले की नदीचं रूप बघता बघता बदलतं. तिथला ओला खडक शेवाळानं निसरडा असतो आणि बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. फोटोसाठी काठाच्या टोकाला जाणाऱ्या पोरांना हात धरून मागे ओढायला मला अजिबात संकोच वाटत नाही. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीकडे 2021 साली बेसाल्टचे षटकोनी खांब उघडे पडले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. भूगोलाच्या शिक्षकांनी ते मुलांना दाखवायलाच हवेत.

आता एसटीकडे येतो. माझ्या मते या तीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल तिनंच घडवला. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा खेडी तुटल्यासारखी झाली होती. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. त्या उन्हाळ्यात माहूरच्या गाडीत बसलो तर पुरुष मोजकेच होते. दोन-दोन, तीन-तीनच्या गटानं निघालेल्या बाया. कोणी आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याशिवाय गडावर निघालेली, कोणी नणंद-भावजय मिळून. तिकिटाचे पूर्ण पैसे पुढे करणाऱ्या एका म्हातारीला कंडक्टर म्हणाला, “माय, आता अर्धंच लागते. बाकीच्यात नारळ घे.” पर्यटनाचे आराखडे पुष्कळ झाले, फलक पुष्कळ लागले. ज्यांना कोणी सहलीला नेत नव्हतं त्यांना स्वतःहून बाहेर काढलं ते या अर्ध्या तिकिटानं.

रस्ताही बदलला. वर्ध्याहून यवतमाळ, आर्णी, महागाव करत नांदेडकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला आणि नागपूर जवळ आलं. त्यानं सोय झाली आणि रस्त्याकडेची जुनी कडूनिंबं, चिंचा, वडही गेले. नव्या झाडांची सावली पडायला अजून कितीतरी उन्हाळे जावे लागतील. मनदेवच्या जंगलातून जाताना पूर्वी गाडी आपोआप हळू व्हायची. आता लोक तिथं देवळाला गाडीतूनच हात जोडतात.

आणि शेवटी रेल्वे. यवतमाळच्या पोरांना मोठी आगगाडी दाखवायची तर धामणगावला न्यावं लागायचं, तेही शेजारच्या जिल्ह्यात. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा-कळंब हा पहिला टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या यवतमाळ दौऱ्यात सुरू झाला. कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव. गणपतीचं देऊळ जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं, समोर कुंड. गाडी आली तेव्हा लोक सहकुटुंब स्टेशनवर नुसती पाहायला गेले.

एक मागणी आहे आणि ती मी गांभीर्यानं मांडतो. ऑक्टोबर ते जून या काळात दर रविवारी पहाटे यवतमाळ आगारातून एक एसटी सुटावी, ती सुन्ना गेटशी थांबावी आणि संध्याकाळी परत यावी. वन विभागानं त्या गाडीनं येणाऱ्यांसाठी सफारीच्या काही जागा राखाव्यात, आणि त्यांचा दर शाळेच्या मुलांना व शेतमजुराच्या घराला परवडेल असा ठेवावा. शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी लावून धरणाऱ्यांच्या निवेदनावर आपणही सही करावी. आणि निळोण्यावर गेलात तर प्लास्टिकची पिशवी, बाटली, थर्माकोलचं ताट परत घरी आणा. तेच पाणी आपल्या नळाला येतं.